नंगाऱ्यावरचा हात

गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं आणि हरिचंदनं पुढं होऊन नंगाऱ्यावर हात ठेवला.

शकुंतलाबाई पहिल्याच बाकावर नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लेकराच्या कपाळावर पाळकसाहेबांनी शिंपडलेलं बाप्तिस्म्याचं पाणी त्या पदरानं टिपत होत्या. ताल एकदम थांबला म्हणून त्यांनी वर पाहिलं. दीर खेमा दोन्ही काठ्या हवेत तशाच धरून बसला होता. चर्चच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी हरिचंद त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता, आणि त्याचा एक हात अजून कातड्यावर पसरलेला होता, भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

शकुंतलाबाईंचे नवरे प्रेमसिंग डोळे मिटून गात होते. नातीसाठी त्यांनी स्वतः रचलेलं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीतलं, गाणं होतं ते. लांबून चालत आलेली पाहुणी दाराशी उभी आहे, तिच्या डोईवरचं गाठोडं कुणीतरी उतरवून घ्या, असं काहीसं. ताल गेला तरी एक ओळ त्यांनी तशीच ओढली. दुसरी अर्ध्यात तुटली. त्यांनी डोळे उघडून भावाकडे पाहिलं.

तेवढ्यात कीबोर्डवर पुढच्या मराठी गीताचे सूर लागले. कीबोर्डवर जगन होता, त्यांचाच मुलगा. मंडळी सवयीनं उभी राहिली, गाऊ लागली. मागच्या बाकांवरच्या रेल्वे कॉलनीतल्या तेलुगू बायका, केरळहून आलेल्या दवाखान्यातल्या नर्सबाया, जुन्या मिशनच्या वेळची मराठी घरं, सगळेच. गाणं इतकं सफाईनं पुढं गेलं की पाठीमागच्या कित्येकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं गाणं तेवढंच होतं.

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या नाहीत.

हरिचंदचा हात पडला आणि जगनचा सूर लागला, यांच्यामध्ये जराही खंड नव्हता. त्यांना गाण्यातलं फार कळत नव्हतं. पण चुलीवरून दूध उतरवायला माणूस कधी आधीपासून फडकं हातात धरून बसतो, हे त्यांना चांगलं कळत होतं.

खेमानं नंगारा धोतराच्या फडक्यात गुंडाळला, खांद्याला लावला. बाजूच्या दारानं जाताना त्यांच्या बाकापाशी थांबला. लेकराच्या पायाला नुसतं बोट लावलं.

"येतो वहिनी."

"घरी जा. आमी आलोच. जेवान हाय."

त्यानं खांद्यावरचा नंगारा सावरला. शकुंतलाबाईंना त्याचं तोंड बघवलं नाही. प्रेमसिंगनं तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा डोंगरकडा गावाजवळच्या त्यांच्या तांड्यानं दार लावून घेतलं होतं. सख्खे मामासुद्धा रस्ता बदलून जात. तेव्हा हा खेमा, मिसरूडही न फुटलेला, ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून हिंगोलीला यायचा. भाऊ देव बदलून बसला, पण त्याची चूल बंद पडू नये एवढंच त्याला कळत होतं. त्या चुलीवर वाढलेलं पोरगं आज कीबोर्डवर होतं, आणि कीबोर्ड थांबत नव्हता.

◆

घरात मटणाचा वास भरला होता. जगनची सासू सुवार्तम्मा सकाळीच चिंचभात करून घेऊन आली होती. जगनची बायको करुणा ताटं मांडत होती. जगन दारातून आत आला आणि सगळ्यात आधी त्यानं खोली नजरेनं चाळली. काका नव्हते.

"काका कुठायत?" त्याच्या बहिणीनं, रीतानं, विचारलं. ती त्याच्याकडे बघून विचारत होती हे त्याला आवडलं नाही.

"मला काय माहीत? येतील."

"येतील कुठून? कोपऱ्यावर समोरच्या गौसियाबी भेटल्या. म्हणल्या, तुमचे काका नंगारा घेऊन डेपोकडं गेले, मी हाक मारली तर वळूनबी पाहिलं न्हाई."

रीता हिंगोली डेपोत कंडक्टर होती. काकांच्या तांड्याकडं जाणारी कळमनुरीची गाडी कधी लागते हे तिला घड्याळ न बघता कळायचं. तिनं पायात चप्पल सरकवली.

"जेवायला थांबू नका. काकाला घेऊन येते, न्हाईतर मीबी येत न्हाई."

ती गेली. प्रेमसिंग भिंतीला टेकून बसले होते. मोंढ्यात हळदीची पोती वाहून त्यांचे खांदे पुढं झुकले होते. आज ते जास्तच झुकलेले दिसत होते. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"जगन," शकुंतलाबाई म्हणाल्या, "पेटी एवढ्या लवकर कशी धरलीस?"

"याडी, उपासना थांबली असती. लोक बघून राहिले होते. मोबाईलवर चालू होतं सगळं."

"थांबली असती तर थांबू द्यायची. तुझा बाप थांबला न्हाई का?"

जगननं ताटाकडे पाहिलं. उत्तर तयार होतं, पण ते सांगायला आईचा आवाज थोडा तरी चढायला हवा होता. ती ओरडली असती तर त्यालाही ओरडता आलं असतं.

नेमका तेव्हाच हरिचंद पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. त्याला आठवड्यापूर्वीच बोलावणं होतं. "सलाम," तो चर्चच्या रिवाजानं म्हणाला. एरवी शकुंतलाबाई "या भाऊ" म्हणून उठल्या असत्या. त्या उठल्या नाहीत. हरिचंद क्षणभर उंबऱ्यावर घुटमळला, मग स्वतःच आत येऊन सतरंजीच्या कडेला बसला.

"प्रेमसिंगभाऊ, मनात काही ठेवू नका. मलाही बरं वाटलं नाही."

"बरं वाटलं न्हाई, तर काहून केलं?" प्रेमसिंग म्हणाले.

"कमिटीचं ठरलं होतं."

"काय ठरलं व्हतं?"

हरिचंदनं जगनकडे पाहिलं. जगन मान खाली घालून चटणी कालवत होता. हरिचंदच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हळूहळू संताप.

"म्हणजे यानं तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"हरिचंदभाऊ, जेवून घेऊ आधी," जगन म्हणाला.

"नाही, जेवण राहू दे. मी चारचौघांत एका म्हाताऱ्या माणसाच्या वाद्यावर हात ठेवला. माझी बायको तिथंच मला म्हणाली, लाज वाटली नाही का. मी ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं? मला वाटलं, जगननं घरी सांगितलंय, काकांना सांगितलंय, आणि तरी ते वाजवायला बसलेत. पंधरवड्यापूर्वी कमिटीत हाच उठून म्हणाला, काकांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांनी बसावं, ऐकावं, पण वाजवू नये. 'मी समजावतो,' म्हणाला. 'तुम्ही कुणी बोलू नका, मी समजावतो.'"

बाहेर गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"खरं हाय?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"याडी, तुला माहीत न्हाई काय चालू आहे," जगन एकदम बोलू लागला. "मागच्या महिन्यात पलीकडच्या गावात घरात बसून प्रार्थना करून राहिले होते लोक. पोरं घुसली मोबाईल घेऊन. किती जणांना बाटवलं, किती पैसे दिले, असं विचारून राहिली होती. म्हाताऱ्या बायांचे व्हिडिओ काढले. ते व्हिडिओ माझ्या शाळेतल्या मास्तरांच्या मोबाईलवर होते, माझ्यासमोर बघून राहिले होते. आपली उपासना दर रविवारी लाइव्ह असते. तिच्यात तांड्यावरचा एक माणूस, गळ्यात ताईत, समोर नंगारा... उद्या कुणी म्हणलं की ह्याला फूस लावून आणलं, तर? कोण उभं राहणार? मी पोरांना गाणं शिकवतो. एका तक्रारीत नोकरी जाईल माझी."

"तांड्यावरचा एक मानूस," प्रेमसिंगनं त्याचे शब्द हळूच उचलले. "नाव न्हाई का त्याला?"

"बापू, मी..."

"नाव घे त्याचं."

जगनला ते नाव घेता आलं नाही.

◆

कळमनुरीची गाडी फलाटाला लागलेली होती. खेमा खिडकीशी बसला होता, नंगारा मांडीवर. रीता पुढच्या दारानं चढली.

"काका, उतरा."

"तिकीट काढलंय मी."

"तिकिटाचं मी बघते. उतरा. याडी वाट बघून राहिली."

"वहिनीला सांग, पोट भरलं."

शेजारच्या सीटवरची बाई मान वळवून बघू लागली. रीतानं तिच्याकडे कंडक्टरच्या नजरेनं पाहिलं, तशी बाई खिडकीबाहेर बघू लागली. रीता काकांच्या पुढच्या सीटवर उलटी बसली, गुडघे सीटवर टेकवून, लहानपणी बसायची तशी.

"काय म्हणला तो तुमच्या कानात?"

"म्हनला, तुमी आमच्यातले न्हाई. बसून ऐका." खेमाचा आवाज शांत होता. "ऐका म्हनं. भाऊ माझा गातोय आन मी ऐकू? लहानपनापासून तो गातो आन मी वाजवतो. तो तुमच्या देवाकडं गेला तवा मी इचारलं का त्याला, की आता गानं कुन्या देवाचं म्हनतोस? त्यानं तोंड उघडलं, मी काठी उचलली. यवढंच माहीत हाय मला. मला कुनी फूस लावली न्हाई. मला लालूच न्हाई. माझ्या भावाची नात हाय, तिच्यासाठी आलो मी. पहाटे उठून, हा मांडीवर घेऊन, मानसं पाय तुडवून राहिली तरी खाली ठेवला न्हाई."

"माहीत आहे काका."

"तुला माहीत न्हाई." आता आवाज चढला. "त्यानं नंगाऱ्यावर हात न्हाई ठेवला, रीता. माझ्या भावाच्या तोंडावर ठेवला. आन माझ्या हातानं ठेवला. मी थांबलो म्हनून तो थांबला. मी थांबायलाच नको व्हतं. घरी जाऊन तुझ्या काकूला, मिराबाईला, काय सांगू? ती इचारल, कसं झालं गानं. काय सांगू?"

हा माणूस चिडलेला रीतानं कधी पाहिला नव्हता. ऊस जळाला, तेव्हाही तो हसून "पुढच्या साली" म्हणाला होता. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

"हे सगळं मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "तो हरिचंद आमच्या घरी जेवायला येणार आहे. त्याला सांगा. तुमी असे निघून गेलात तर काय होईल? तो मटण खाईल, पेढा देईल, प्रार्थना करून निघून जाईल. आन बापू भिंतीला टेकून बसतील. जल्मभर तसेच बसतील, तुमाला माहीत आहे त्यांचं."

खेमा नंगाऱ्याच्या फडक्याची गाठ चाचपत राहिला.

"आणखी एक सांगू? मला वाटतं, ह्याच्यात जगन आहे."

"न्हाई," खेमा लगेच म्हणाला. "त्याचं नाव घेऊ नको. ते पोरगं माझ्या खांद्यावर हिंडलंय."

"म्हणूनच चला. न्हाई म्हणायचं तर त्याच्या तोंडून ऐकू."

ड्रायव्हरनं पुढून हाक दिली, "रीताताई, सोडू का गाडी?"

रीतानं काकांकडे पाहिलं. खेमानं नंगारा उचलून तिच्या हातात दिला आणि धोतर सावरत उठला.

"सोड," रीता म्हणाली.

◆

करुणाच्या आईला मराठी थोडंच कळायचं. जावई घाम पुसतोय, विहीण तांबडीलाल झालीय, एवढं तिला दिसत होतं. तिनं तेलुगूत विचारलं, काय झालं? करुणा सांगू लागली आणि सांगता सांगता मध्येच थांबली. एक गोष्ट तिच्या डोक्यात आता कुठं जुळत होती.

आजच्या उपासनेत आईचंही गाणं होतं. नातीसाठी, तेलुगूत. महिनाभर ती स्वयंपाक करताना ते म्हणत होती. शुक्रवारी जगन म्हणाला, वेळ पुरणार नाही, आईचं गाणं घरी जेवताना घेऊ. करुणानं आईला तसंच समजावलं होतं. आई हसून म्हणाली होती, देवाला घर काय आणि चर्च काय.

"हरिचंदकाका," करुणा म्हणाली. ती लहान मूल कडेवर घेऊन उभी होती. "माझ्या आईचं गाणं का काढून टाकलं?"

हरिचंदनं पुन्हा जगनकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघून सांगा."

"बाई, ठरलं ते सगळ्याच भाषांचं, प्रेमसिंगभाऊंच्या गाण्याचंही ठरलं; तेही हाच समजावणार होता. बाहेरच्यांना कळेल असंच गायचं. मराठी आणि हिंदी. न कळणारं काही कानावर पडलं की लोकांना संशय येतो, असं मत पडलं."

"कुणाचं मत?"

उत्तराची गरज नव्हती. करुणानं नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाआधी हाच माणूस रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या एका खोलीत येऊन बसायचा, आईकडून तेलुगू गाणी शिकायचा. उच्चार चुकले की आई त्याच्या गालावर चापट मारायची. मुलीचं नाव ठेवताना तोच हट्ट धरून बसला, तेलुगूच ठेवायचं. दीवेना. आशीर्वाद. बापूंना म्हणता येईना, ते 'दिवना' म्हणायचे, तरी यानं बदलू दिलं नाही.

"मुलीचं नाव चालतं तुम्हाला," ती म्हणाली, "ते कुणाला कळतं? तेही बदलून टाका. संशय येईल लोकांना."

"करुणा, मी आपल्यासाठीच..."

"आपल्यासाठी म्हणजे कुणासाठी? बापूंचं तोंड बंद केलं. काकांना बाहेर घातलं. माझ्या आईला खोटं सांगितलं, आणि ते माझ्याकडून सांगवलं. आता आपल्यात राहिलं कोण? तुम्ही आणि तुमचा कीबोर्ड!"

लेकरू दचकून रडू लागलं. तिनं ते उगी केलं नाही. रडू दिलं.

सुवार्तम्माला थोडक्या मराठीतूनही आता सगळं कळलं होतं. तिनं आपल्या चिंचभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं. करुणाला तेवढं पाहूनच रडू फुटलं.

त्याच वेळी रीता आली, हातात नंगारा घेऊन. तिच्यामागं खेमा.

जगन उठला, धडपडत पुढं गेला आणि वाकला. खेमा एक पाऊल मागं सरला.

"पाया पडू नको. तुमच्यात पडत न्हाईत ना?"

"काका, मीच सांगितलं होतं. कमिटीत. मीच." जगन वाकलेलाच होता. "मी भ्यालो होतो."

खेमा बराच वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिला. रीताला वाटलं, आता हा वळून चालू लागेल.

"भ्यालास ते मला समजतं," तो म्हणाला. "दिवस भ्यायचेच हायत. तांड्यावरबी येतात मला इचारायला, भावाच्या चर्चात कशाला जातोस म्हनून. मी सांगितलं का तुला कधी? पन भ्यायचंच व्हतं तर मला यून सांगायचं व्हतं रं. मीबी तुझ्यासंगं भ्यालो असतो. दोघं मिळून भ्यालो असतो. तू मला सोडून येकटाच भ्यालास."

जगन रडू लागला. मोठ्यानं, लाज न बाळगता. कुणी त्याला जवळ घेतलं नाही. शकुंतलाबाईंनीसुद्धा नाही.

खेमा हरिचंदकडे वळला. "तुमच्यावर माझा राग न्हाई असं म्हननार न्हाई. हाय. पन तुमी पाठीमागून न्हाई, पुढून हात ठेवला. तुमी मानूस बरे."

हरिचंदनं मान खाली घातली.

◆

प्रेमसिंग तोवर भिंतीपासून उठले होते. जन्मात त्यांनी चर्चच्या कमिटीला उलटून उत्तर दिलं नव्हतं. ज्या लोकांनी तांडा सुटल्यावर आपल्याला पंक्तीला बसवलं, त्यांच्यापुढं आवाज चढवायचा नाही, असं त्यांचं धोरण होतं. आज त्यांना वाटलं, आपल्या या गप्प बसण्याचंच हे पीक आहे. बाप मान खाली घालून वावरला, तर पोरानं दुसरं काय शिकावं?

"हरिचंदभाऊ, पाळकसाहेबांना जाऊन सांगा," ते म्हणाले. "प्रेमसिंगचं गानं अर्ध राहिलंय. तो ते आता म्हनून राहिला. आपल्या दारात, गल्लीत. चोरून न्हाई. दार लावून न्हाई. ज्याला यायचं तो या म्हनावं."

"भाऊ, गल्लीत? आज? कुणी काही..."

"दार लावून गातो म्हनूनच लोकांना वाटतं, आत काय चाललंय. माझा भाऊ हिंदू हाय, त्यो वाजवनार हाय. माझी ईहीन तेलुगूत गानार हाय. समोर गौसियाबीचं घर हाय. इचारू द्या कुनाला काय इचारायचं ते. मी उत्तर देतो. चाळीस वर्सं मी कुनाला उत्तर दिलं न्हाई, आता देतो."

हरिचंद उठून गेला. त्याच्या पेढ्यांचा पुडा सतरंजीवर तसाच राहिला.

ऊन घराच्या मागं गेलं होतं. गल्लीवर सावली होती. शकुंतलाबाईंनी सतरंजी ओढत बाहेर आणली. ती पुरेना, तशी गौसियाबींनी न मागता आपली चटई आणून जोडली. "क्या है भाभी, शादी है क्या?" त्यांनी विचारलं. "न्हाई बाई," शकुंतलाबाई म्हणाल्या, "आमचं भांडन हाय. बसा."

खेमानं फडकं सोडलं, कातड्यावर बोटं फिरवली. मग घरातली पितळेची थाळी मागवली आणि जगनच्या पुढं ठेवली. नंगाऱ्यासोबत थाळीवर काठीचे टोले द्यायचे असतात. तांड्यावर ते काम सहसा पोरासोरांकडे असतं.

"मला येत न्हाई, काका."

"येत न्हाई तर माझ्याकडं बघ. बोटांकडं न्हाई, तोंडाकडं बघ."

जगन रस्त्यावर मांडी घालून बसला. शेजारच्या दुकानात उभी असलेली शाळेतली दोन पोरं "सर, सर" करत एकमेकांना कोपरं मारू लागली. त्यानं ती पाहिली, आणि काठी हातात घेतली. त्याचे कान लाल झाले होते. करुणा सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. आईला तिनं पुढं बसवलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल थांबली. तिच्यावरच्या दोघांतला एकजण मोबाईल वर धरून उभा राहिला. रीता उठू लागली, तसा प्रेमसिंगनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"काढू दे. नीट दिसंल अशा जागी बस म्हनावं."

त्याच बाजूनं पाळकसाहेब घाईघाईनं येत होते. मागं हरिचंद, आणि त्याच्यामागं चर्चमधली बरीच माणसं. रेल्वे कॉलनीतल्या बायका होत्या. पाळकसाहेबांनी मोटरसायकलकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. त्यांना धाप लागली होती.

"प्रेमसिंगभाऊ, इथं नको. चर्चमध्ये चला. मी स्वतः दार उघडतो. भावाला घेऊन चला. आत बसून गाणं पुरं करा."

प्रेमसिंगनं खेमाकडे पाहिलं. खेमानं मान हलवली, नाही. त्याचा राग अजून उतरला नव्हता. एवढ्यात उतरणारही नव्हता.

"पुरं न्हाई करायचं, साहेब," प्रेमसिंग म्हणाले. "पहिल्यापासून म्हनायचं हाय. बसा खाली."

पाळकसाहेब उभेच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि गौसियाबींच्या चटईवर, सुवार्तम्माच्या शेजारी बसले.

खेमानं काठ्या उचलल्या.